खाडीकाठचा धंदा : होडी विकत मिळते, पाण्याची जाण नाही

गेल्या डिसेंबरात आमचा भाचा बाणकोट खाडीकाठच्या आपल्या गावाहून वाईला आमच्या दुकानात आला. सहा वर्षे आखातात नोकरी करून तो नुकताच परतला होता. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून एक रंगीत माहितीपत्रक काढून गादीवर पसरले. पाण्यावर धावणारी मोटारीची स्कूटर, किंमत काही लाखांत. "मामू, निम्मे पैसे तुम्ही घाला, निम्म्याचे हप्ते बांधून घेतो. विकणारा म्हणतो, दोन मोसमांत सगळे वसूल."

आम्ही पस्तीस वर्षे कापडाच्या गाठी उघडल्या आणि बांधल्या. एवढे शिकलो की ज्या मालाच्या वसुलीचा हिशोब विकणारा स्वतःच करून देतो, तो माल एक रात्र उशाशी ठेवून मगच घ्यावा. आम्ही भाच्याला म्हटले, "आधी खाडी दाखव, मग पैशाचे बोलू."

जानेवारीत दुकान मुलाच्या हाती देऊन आम्ही निघालो. बाणकोटपासून मालवणजवळच्या देवबागपर्यंत आठ दिवस हिंडलो. वाईचा कापडवाला पाण्यात उतरला म्हणून घरचे हसले. परंतु जे पाहिले, ते या पानाच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हाला जरूर वाटते. कारण असा भाचा एकट्या आमच्याच घरात नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या खाडीकाठी आपल्या समाजाची कितीतरी गावे आहेत, तेथील तरुण आखातात राबतात, परत येतात आणि जमवलेल्या पैशाचे काय करावे हे त्यांना कोणी सांगत नाही. कोणी जमीन विकतो, कोणी गाडी घेतो. दाराशी असलेल्या पाण्याकडे फारच थोड्यांचे लक्ष आहे.

वाईचा आणि खाडीचा संबंध

घाटावरच्या वाचकांना वाटेल, आपला खाडीशी काय संबंध? संबंध जुना आहे. क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कृष्णा पूर्वेला उतरून आमच्या वाईच्या घाटांवरून जाते. त्याच डोंगरातून निघालेली सावित्री पश्चिमेला उतरून पोलादपूर, महाडवरून बाणकोटला समुद्रास मिळते. सख्ख्या बहिणी, एक सासरी पूर्वेला, एक पश्चिमेला. वाईजवळ मेणवलीला ज्यांचा वाडा आहे, त्या नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळास हे बाणकोटच्या शेजारचेच. सडका होण्यापूर्वी कोकणातला माल खाडीतून महाड बंदरास लागे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर येई.

उर्दू शाळेत आम्ही 'नाखुदा' हा शब्द शिकलो. नाखुदा म्हणजे किश्तीचा मालक, तिचा कप्तान. पुढे कोकणात 'नाखवा' ऐकला तेव्हा कळले की शब्द तोच आहे, फक्त खाऱ्या वाऱ्याने थोडा झिजला आहे. बंदर, खलाशी, मौसम हे सगळे शब्द याच दर्यावरच्या तिजारतीतून मराठीत आले. ज्यांच्या वाडवडिलांनी भाषेला हे शब्द दिले, त्यांच्या नातवांनी पाण्याचा धंदा दुसऱ्याच्या माहितीपत्रकातून शिकावा, हे आम्हाला खटकले.

कयाक म्हणजे काय

मोटारीची स्कूटर बाजूला ठेवून आम्ही भाच्याला दुसऱ्याच होडीकडे वळवले. तिला कयाक म्हणतात. एका किंवा दोन माणसांची, लांबट, अरुंद, हलकी होडी. तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारत माणूस स्वतःच पुढे जातो. उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ मुलखातील शिकारी लोकांनी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती प्रथम बनवली. आज आपल्याकडे मिळते ती प्लास्टिकची. घरावरची पाण्याची टाकी जशी साच्यात फिरवून बनवतात, तशीच ही बनते. पर्यटनासाठी जी वापरतात, तिच्यात माणूस वरच बसतो, आत पाय कोंबावे लागत नाहीत. आत आलेले पाणी तळाच्या आरपार भोकांतून निघून जाते आणि होडी उलटली तरी माणूस अडकत नाही. कोकणात एकाच खोडाची कोरीव होडी आणि उलांडीची होडी पूर्वापार आहेच. कयाक ही तिचीच लांबची नातलग समजावी.

तिला डिझेल लागत नाही. मोटारीचा आवाज नसल्याने पक्षी उडून जात नाहीत. वीतभर पाण्यातही ती चालते, म्हणून जेथे मोटारबोट शिरू शकत नाही अशा चिंचोळ्या फाट्यांत ती जाते आणि खाडीचे खरे सौंदर्य त्या फाट्यांतच आहे.

पहिला धडा गोड्या पाण्यात

नवशिक्याने थेट खाडीत उतरू नये, असे आमचे मत झाले. आम्ही स्वतः तापोळ्याला शिकलो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठचे हे गाव. लोक त्याला मिनी काश्मीर म्हणतात. तापोळा, बामणोली येथून वासोट्याकडे जाणाऱ्या बोटी पूर्वीपासून आहेत आणि २०२४ साली जावळी तालुक्यात मुनावळे येथे राज्य सरकारचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. येथे भरती-ओहोटी नाही, त्यामुळे हात बसवायला पाणी चांगले. सकाळी जलाशय आरशासारखा असतो, दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. मात्र काठापासून दोन हातांवर पाणी एकदम खोल होते, हे विसरू नये. जलाशयाखाली जुने डोंगरउतारच आहेत.

मिनी काश्मीरचे नाव निघाले म्हणून सांगतो. असली काश्मीरच्या श्रीनगरच्या बिलकिस मीर दल सरोवरात कयाक शिकल्या, पुढे प्रशिक्षक झाल्या आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या पंचमंडळात बसल्या. आपल्या मुलींना पाण्यापासून लांब ठेवणाऱ्या आयाबापांनी हे नाव लक्षात ठेवावे.

बाणकोटला चिखलात काढलेली दुपार

आता खाडीवर येऊ. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर, महाड करीत आम्ही बहिणीच्या घरी पोहोचलो. बाणकोटची खाडी रुंद आहे. वेसवी आणि बागमांडले यांच्या दरम्यान गाड्या वाहणारी फेरीबोट चालते. पलीकडे हरिहरेश्वर, अलीकडे बाणकोटचा हिंमतगड. मुख्य पात्रात कयाकला शोभा नाही. तिची जागा काठच्या तिवरांच्या रानात शिरणाऱ्या फाट्यांत आहे. दोन्ही बाजूंनी झाडी झुकलेली, पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा, खंड्या पक्षी निळी रेघ ओढून जातो, चिखलावर निवट्या उड्या मारतात.

भाच्याने मित्राची दोघांची कयाक आणली होती. धक्क्यावर त्याचे आजोबा, म्हणजे आमच्या बहिणीचे सासरे, बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी त्यांनी शिडाच्या मचव्यावर कौले आणि तांदूळ वाहिले. आम्ही निघताना ते एवढेच म्हणाले, "मामू, सुकती लागायच्या आत माघारी फिरा. अर्धा तास, जास्त नको."

भाच्याच्या फोनमध्ये भरतीची वेळ होती. ती वेळ खाडीच्या मुखाची होती. आम्ही होतो आत, दोन वळणे घेऊन एका अरुंद फाट्यात. तेथे पाणी कसे उतरते हे फोनला ठाऊक नव्हते, आजोबांना होते. झाडीची शोभा पाहण्यात तास गेला. परत वळलो तर फाट्याच्या तोंडाशी पाणी घोट्याएवढे, पुढे नुसता गाळ. भाचा उतरला तो मांडीपर्यंत रुतला. कशीबशी त्याला वर ओढला आणि मग आम्ही दोघे कयाकवर बसून राहिलो. पाणी परत येईपर्यंत पाच तास. अंगात सुती कुर्ता-पायजमा. कापडवाल्याला कोणी सांगायला नको होते की सुती कपडा पाणी पितो, जड होतो आणि लवकर सुकत नाही. गिऱ्हाइकाला हे आम्ही रोज सांगतो, स्वतः मात्र विसरलो. असर होऊन गेली, सूर्य कलला, तेव्हा पाणी चढू लागले. धक्क्यावर आजोबा कंदील घेऊन उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

त्या रात्री जेवताना त्यांनी आम्हाला हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. त्या दिवसांत उधाण असते, पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, चढउतार कमी. भरतीपासून ओहोटीला सव्वासहा तास, पण आतल्या फाट्यांत वेळ मागेपुढे होतो आणि तो प्रत्येक फाट्याचा वेगळा असतो. ते कोणत्याही कोष्टकात छापलेले नाही. आपण तर महिना चांदावरूनच मोजतो. ज्याला आज चांदची तारीख माहीत आहे, त्याला एक-दोन दिवसांच्या फरकाने उधाण कधी आणि भांग कधी हे कळायला अवघड जाऊ नये.

वाऱ्याचेही तसेच. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. पहाटे पाणी शांत दिसते, परंतु त्याच वेळी ओहोटी असेल तर मतलई वारा आणि पाणी दोन्ही हलक्या होडीला मुखाकडे, म्हणजे उघड्या समुद्राकडे ओढतात. जाताना भरतीबरोबर वर जावे आणि पाणी उलटताच, ते फार उतरण्याआधी, त्याच्याबरोबर खाली यावे. वल्हे कमी मारावे लागते, माणूस थकत नाही.

महाबळेश्वरच्या आर्थर सीट पॉइंटवर आपण सगळे गेलो आहोत. ज्या आर्थर मॅलेटच्या नावाने तो ओळखला जातो, त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी १८५३ साली बाणकोटजवळ होडी बुडून गेली. ज्या टोकावरून सावित्रीचे खोरे दिसते, तेथे ते बसत असे सांगतात. आमच्या डोंगरावरच्या सर्वांत प्रसिद्ध जागेमागे खाडीतला अपघात आहे, हे आम्हाला त्या चिखलात बसल्यावर आठवले.

किनाऱ्याने दक्षिणेकडे

बाणकोटच्या खाली पहिले वेळास, जेथे समुद्री कासवे अंडी घालायला येतात. मग केळशी. तेथे भारजा नदी समुद्रास मिळते आणि हजरत याकूब बाबांचा दर्गा आहे. पुढे आंजर्ले. जोग नदीची ही खाडी लहान, आटोपशीर, दोन्ही काठांना नारळ आणि तिवरे. कयाकसाठी एखाद्या कुटुंबाने धंदा सुरू करावा तर अशा लहान खाडीत, असे आमचे मत झाले. सगळे पाणी काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेत राहते.

दाभोळला वाशिष्ठीची खाडी लांब आणि भव्य आहे. काठावरची घुमटाची शाही मशीद पाण्यातून पाहण्यासारखी. याच बंदरातून एकेकाळी हजचे यात्रेकरू जहाजात बसत. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, तेव्हापासून पर्यटकांची वाट सोपी झाली. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वर चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत मगरी आहेत. तेथे मोठ्या बोटीतून मगरी दाखवणे हाच धंदा आहे, वल्ह्याच्या होडीने जाऊ नये. गिऱ्हाइक हौशी असते, नाही म्हणायचे काम दुकानदाराचे आहे.

जयगडला शास्त्री नदीच्या मुखाशी मोठी जहाजे ये-जा करतात, तेथे मुखापासून लांब आतच राहावे. रत्नागिरीजवळ काजळीची भाट्ये खाडी, विजयदुर्गला वाघोटण. मालवणच्या उत्तरेला तळाशील-तोंडवळी ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. तशीच देवबाग. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये गाव जणू दोरीवर वाळत घातल्यासारखे पसरले आहे. तारकर्ली-देवबाग हा या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा जलक्रीडेचा बाजार आहे. संध्याकाळी कर्लीच्या आतल्या पाण्यात माडांची सावली पडते तेव्हा कयाक थांबवून नुसते बसावे. परंतु शनिवार-रविवारी तेथे मोटारबोटींची इतकी गर्दी की लहान होडीला तिच्या लाटांचीच भीती. ज्या गावात बाजार भरून गेला आहे, तेथे तेरावे दुकान काढू नये. बाजूच्या गावात पहिले काढावे.

आम्हाला सर्वांत जास्त शिकवले ते वेंगुर्ल्याने. तेथील मांडवी खाडीत स्वामिनी या महिला बचत गटाने २०१७ साली कांदळवन सफर सुरू केली. मोटार नाही, वल्ह्याची होडी. बाया स्वतः होडी चालवतात आणि कांदळ, तिवर ही झाडे, पक्षी, मासे दाखवत गिऱ्हाइकाला हिंडवतात. यांच्याकडे महागडे यंत्र नव्हते. खाडीची माहिती होती आणि ती त्यांनी विकायला काढली. पुढे गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. पक्षीशास्त्रात जगभर नाव कमावलेल्या एका मुंबईकर मुसलमानाचे नाव तेथील कांदळवनाला आहे, हे पाहून आम्ही परतलो.

हिशोब

आता गल्ल्याकडे वळू. आम्हाला सांगितलेले भाव असे: एकट्याची कयाक तीस हजारांच्या आसपास, दोघांची चाळीस ते पन्नास हजार. समजा, दोघांच्या चार घेतल्या, सरासरी ४५ हजारांनी १ लाख ८० हजार. वल्ही, लाइफ जॅकेट, दोर, शिट्ट्या, औषधपेटी यांचे ४० हजार. भांडवल २ लाख २० हजार.

पावसाळ्यात मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यावरचा धंदा बंद. उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत गिऱ्हाइक मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत. त्यातले पाण्याची वेळ जुळणारे दिवस धरा ६०. दिवसाला प्रत्येक होडीच्या दोन फेऱ्या, माणशी ३०० रुपये. सगळ्या भरल्या तर दिवसाला ४,८००. दुकानदाराने निम्मेच धरावे, २,४००. साठ दिवसांचे १ लाख ४४ हजार. दोन पोरांची रोजंदारी प्रत्येकी ५०० प्रमाणे ६० हजार, विमा, दुरुस्ती, परवानगी यांचे वीस-बावीस हजार. हाती साठ हजारांच्या वर थोडे. भांडवल परत यायला साडेतीन वर्षे.

म्हणजे विकणाऱ्याच्या 'दोन मोसमांत वसूल' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. नुसत्या कयाकवर घर चालणार नाही. पण जो माणूस पाण्यावर दोन तास काढतो त्याला भूक लागते, तो राहतो, काही विकत घेतो. घरातली एक खोली निवास-न्याहारीला, चुलीवरची तांदळाची भाकरी आणि ताजी मासळी, अंगणातले नारळ-कोकम, असे सगळे एकत्र धरले तर घरातले चार हात गावातच कामाला लागतात. कयाक हा त्या घराचा दरवाजा आहे. मोटारीच्या स्कूटरचे हप्ते मात्र जुलैच्या पावसातही भरावे लागतात.

कारागिरांसाठी दोन शब्द

शिंपी बांधवांना आणि कापडवाल्यांना येथे काम आहे. भिजू न देणाऱ्या पिशव्या, होड्यांवरची उन्हाची आच्छादने, लवकर सुकणारे कृत्रिम धाग्याचे अंगभर कपडे. आपल्या बायका-मुलींना अंगभर पण हलका, पाणी न पिणारा पोशाख लागतो आणि तो त्या किनाऱ्यावर आम्हाला एकाही दुकानात दिसला नाही.

परंतु लाइफ जॅकेट स्वतः शिवून विकण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. ते तपासून, प्रमाणित केलेलेच घ्यावे. पारख मात्र आपण करू शकतो. पहिले, ते दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, वजन वाढले तर आतला फोम पाणी पितो, ते परत करा. दुसरे, पट्ट्यांची शिलाई पाहा, चौकोनात फुली मारलेली दुहेरी शिलाई हवी आणि दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती दोरा खाऱ्या पाण्यात कुजतो. तिसरे, माणसाला घालून पट्टे आवळा आणि खांद्यांना धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर आले तर ते त्याच्या मापाचे नाही. मुलांचे माप वेगळे घ्या. काही वर्षांपूर्वी एका खाडीवर आम्हालाच थर्मोकोलचे तुकडे भरलेले जॅकेट दिले होते, शिलाई उसवून तुकडे बाहेर डोकावत होते. देणारा म्हणाला, "चाचा, पाणी खोल नाही." आम्ही मुकाट्याने घातले. आज त्याची लाज वाटते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोन जीव गेले. पाण्यावरच्या धंद्यात मालाची खोट उधारीत बुडत नाही, माणसासह बुडते.

कागदपत्रेही सोडू नयेत. खाडीतल्या धंद्याला महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. साहसी पर्यटनासाठी राज्य सरकारने २०२१ साली धोरण ठरवले, त्यानुसार नोंदणी करावी. शिकण्यासाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तेथे जीवरक्षकाचे शिक्षण मिळते. कांदळवन तोडून धक्का बांधणे हा गुन्हा आहे आणि मूर्खपणाही, कारण लोक तेच पाहायला येतात.

आम्ही काय ठरवले

परतल्यावर आम्ही भाच्याला होकार दिला, पण आमच्या अटींवर. मोटारीची स्कूटर नाही, हप्ते नाहीत, दोघांच्या दोनच कयाक आधी. पैसे आमचे, मेहनत त्याची. नफा ठरल्या हिश्श्याने वाटायचा आणि पैसा बुडाला तर आमचा बुडेल, त्याची मेहनत बुडेल. ही रीत आपल्या व्यापाऱ्यांना नवी नाही. भाच्याने आधी गोव्याला जाऊन जीवरक्षकाचे शिक्षण पुरे करायचे, त्याशिवाय एकही गिऱ्हाइक पाण्यात उतरवायचे नाही.

आणि एक अट आम्ही आजोबांसमोर घातली. नफ्यात चौथा हिस्सा त्यांचा. ते हसले. "मी काय करणार? मला आता वल्हे उचलत नाही." आम्ही म्हटले, तुम्ही धक्क्यावर बसायचे, रोज वेळ ठरवायची. तुम्ही नको म्हणाल त्या दिवशी होडी काठावर. आणि दोन वर्षांत नातवाला प्रत्येक फाट्याचे पाणी पाठ करून द्यायचे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे विचारायला कोणी आले नव्हते."

व्यापारी बंधूंनो, सांगायचे ते एवढेच. कयाक कोणीही विकत घेईल. उद्या पुण्या-मुंबईचा मालदार माणूस खाडीकाठची जमीन घेऊन पन्नास होड्या आणील. त्याला जे विकत मिळणार नाही, ते आपल्या घराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात आहे आणि आपण त्याचा हिशोब कधी भांडवलात धरला नाही. ती पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. ज्याच्या घरी असा एखादा जुना नाखवा, तांडेल, खलाशी असेल, त्याने जमीन विकण्याआधी आणि हप्ते बांधण्याआधी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणत्या फाट्यात पाणी कधी फिरते, खडक कोठे, भोवरा कोठे, वारा कधी बदलतो, सगळे लिहून घ्यावे.

आमच्या भाच्याने वही घातली आहे. पहिल्या पानावर तो फाटा आहे, जेथे आम्ही पाच तास चिखलात बसलो होतो.